पेशीची चूल आणि पेशीची वही



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे प्राध्यापक, डॉक्टर आणि साहित्यिक बोलून गेले आहेत. माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत, कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. अशा माणसाने पेशी, प्राणवायू आणि जनुके यांच्या इतिहासावर बोलावे हे काहींना धाडसाचे वाटेल. म्हणून हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतला एक कंत्राटी कामगार तुंबलेल्या गटाराच्या चेंबरमध्ये उतरला. वरून मुकादमाने विचारले, "गुदमरतंय का रे?" त्याने खालून हात हलवून "नाही" म्हटले. मिनिटभरात तो कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला. तोही परत आला नाही. पुढे चौकशी बसली तेव्हा ठेकेदाराच्या वतीने एक युक्तिवाद झाला. गुदमरत होते तर त्याने सांगायला हवे होते. विचारले असता त्याने स्वतःच "नाही" म्हटले, तेव्हा चूक त्याची. त्या बैठकीत मी निरुत्तर झालो. माझ्याजवळ राग होता, उत्तर नव्हते. हवा संपत आली असताना माणसाला ते कळत कसे नाही? आणि शरीरात कोणाला तरी ते कळतच असेल, तर ते कोणाला आणि केव्हा? या दोन प्रश्नांच्या मागे लागून मी जे वाचले त्याचा हा गोषवारा आहे.

आरंभ फ्रान्सपासून करतो. लाव्हाझिए हा रसायनशास्त्रज्ञ सरकारी करवसुलीचा मक्तेदारही होता, आणि त्यापायी १७९४ साली क्रांतिकारकांनी त्याचा शिरच्छेद केला. तथापि त्याच्या आधी दहा-बारा वर्षे त्याने आणि लाप्लासने मिळून एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले. तितकाच वायू कोळसा जाळून निर्माण केला तर किती बर्फ वितळते, तेही मोजले. दोन्ही आकडे जवळजवळ आले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हे १७८३ साली त्यांनी जगाला सांगितले. पुढे सेगँ नावाच्या सहकाऱ्यावर प्रयोग करून लाव्हाझिएने दाखवले की, अंगमेहनत करणाऱ्याला बसून राहणाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू लागतो. यावर त्याने जे भाष्य केले ते एका मक्तेदाराकडून अपेक्षित नव्हते. ज्याची चूल अधिक जळते त्या मजुराच्या वाट्याला जळण कमी आणि ज्याची कमी जळते त्या श्रीमंताच्या वाट्याला ते अधिक, ही विसंगती त्याने १७८९ सालीच बोलून दाखवली होती.

ही चूल फुप्फुसात आहे असा त्याचा समज होता. पाऊणशे वर्षांहून अधिक काळानंतर, १८७० च्या दशकात, जर्मनीतील प्फ्ल्यूगर यांच्या संशोधनाने ती फुप्फुसात नसून शरीराच्या प्रत्येक पेशीत आहे हे पक्के झाले. त्याच दशकात एका दुर्घटनेने माझ्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले. १५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसमधून 'झेनिथ' नावाचा बलून आकाशात चढला. आपल्या पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला तोही त्याच सुमारास. बलूनमध्ये तिघे होते : क्रोसे-स्पिनेली, सिव्हेल आणि तिसांदिए. विरळ हवेत जीव धोक्यात येतो हे पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाने त्यांना सांगितले होते, आणि प्राणवायूच्या पिशव्याही त्यांनी बरोबर घेतल्या होत्या. बलून ८,००० मीटरांच्या वर गेला. खाली आला तेव्हा तिसांदिए तेवढा जिवंत होता. पिशव्या हाताशी होत्या, पण त्या तोंडाला लावण्याचे बळ हातात उरले नव्हते. सर्वांत भयंकर गोष्ट तिसांदिएने नंतर सांगितली. त्या उंचीवर आपल्याला कसलाही त्रास झाला नाही, उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता. चेंबरमधून "नाही" म्हणून हलवलेला हात मला येथे प्रथम दिसला. बेर यांनी १८७८ साली वायुदाबावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि उंचीवरच्या आजाराचे कारण प्राणवायूची तूट हेच होय, असे सप्रमाण दाखवले.

उरलेले अर्धे उत्तर खाणीतून आले. जॉन स्कॉट हाल्डेन हे ऑक्सफर्डचे विद्वान. परंतु त्यांचा निम्मा अभ्यास कोळशाच्या खाणींत आणि गटारांत झाला. १८९६ साली दक्षिण वेल्समध्ये टायलर्सटाउन येथील खाणीत स्फोट होऊन ५७ जण मेले. हाल्डेन यांनी प्रेते पाहिली. कित्येकांच्या त्वचेवर गुलाबी झाक होती. ते स्फोटाच्या धक्क्याने मेलेले नव्हते. स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने मेले होते. हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो, आणि त्याला वास नाही की रंग नाही. छोट्या प्राण्याची चूल भराभर जळते म्हणून त्याला विषाची बाधा माणसाआधी होते. तेव्हा खाणीत पाखरू किंवा उंदीर न्यावा, अशी शिफारस हाल्डेन यांनी केली. ब्रिटनच्या खाणींतले कॅनरी पक्षी १९८६ साली निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी यंत्रे आली.

हाल्डेन यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन हा थोर जीवशास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. तो लहान असताना बापाने त्याला खाणीत नेले आणि छताजवळ वायू साठलेल्या जागी उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला लावले. काही ओळी झाल्या आणि पोरगा खाली कोसळला. खाली जमिनीजवळ हवा बरी होती, म्हणून शुद्धीवर आला. भाषण म्हणणाऱ्याला आपण बेशुद्ध होणार हे भाषण थांबेपर्यंत कळत नाही, हा त्यातला धडा.

त्याचे कारण हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिले. आपला श्वास चालवणारा लगाम मुख्यतः प्राणवायूच्या हातात नसून आपण बाहेर टाकतो त्या कार्बन डायऑक्साइडच्या हातात असतो. फुप्फुसातल्या हवेत त्याचे प्रमाण अवघे ०.२ टक्क्यांनी वाढले की श्वसन जवळजवळ दुप्पट होते. नाकतोंड दाबल्यावर जी तगमग होते ती या वायूच्या साठ्याची तगमग असते. परंतु ज्या जागी प्राणवायू कमी आहे आणि उच्छ्वास मोकळेपणाने बाहेर पडतो आहे, तेथे तगमग होत नाही, किंवा होते ती फार उशिरा. मानेतल्या मोठ्या रोहिणीपाशी तांदळाएवढा एक पिंड असतो. तो रक्तातला प्राणवायू चाखून मेंदूला वर्दी देतो. त्याची रचना स्पेनच्या दे कास्त्रो यांनी उलगडली आणि कार्याबद्दल बेल्जियमच्या हेमन्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण हवा एकाएकी फार वाईट असेल, तर या पहारेकऱ्याची हाक पोचण्याआधीच ऐकणारा मेंदू झोपी गेलेला असतो. हा पिंड ध्यानात ठेवावा. तो पुन्हा येणार आहे.

येथपर्यंतचा इतिहास श्वासाचा झाला. दुसरा धागा रक्ताचा. १८९० साली फ्रान्स्वा व्हियो हा फ्रेंच वैद्य पेरू देशात लिमाहून निघून अँडीज पर्वतातल्या मोरोकोचा या खाणीच्या गावी गेला. गावाची उंची सुमारे ४,५०० मीटर. निघताना त्याच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये तांबड्या पेशी सुमारे ५० लाख होत्या. तीन आठवड्यांच्या आसपास त्या ७० ते ८० लाखांच्या घरात गेल्या. यातला काही भाग रक्तातले पाणी आटल्यामुळे असणार हे आज आपण जाणतो. तथापि मूळ निरीक्षण खरे ठरले. त्या उंचीवर शिसे-चांदी-तांबे खणणाऱ्या मजुरांचे रक्त कायमचेच दाट असते. हवेतली तूट शरीर कोठे तरी नोंदवते आणि रक्त वाढवण्याचा हुकूम सोडते, हे उघड झाले. प्रश्न राहिला तो हा की, हुकूम सोडणारा कोण?

१९०६ साली पॅरिसमध्ये कार्नो आणि दफ्लाँद्र यांनी सुचवले की, हा हुकूम रक्तातूनच फिरतो. बऱ्याच वर्षांनी, १९५३ साली, अर्स्लेव्ह यांनी रक्तक्षय झालेल्या सशांचे रक्तद्रव निरोगी सशांना भरपूर प्रमाणात टोचून ते सिद्ध केले. १९५७ साली जेकबसन, गोल्डवॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होते हे दाखवले. त्याचे नाव एरिथ्रोपोएटिन. परंतु ते हाती येईना. अखेर जपानच्या कुमामोतो येथील डॉ. मियाके यांनी एका असाध्य रक्तक्षयाच्या रोग्यांचे २,५५० लिटर मूत्र जमवले, आटवले आणि त्याचा अर्क शिकागोला नेला. त्यातून १९७७ साली काही मिलिग्रॅम शुद्ध संप्रेरक निघाले. विज्ञानाच्या इतिहासात प्रयोगशाळेचे नाव लिहिले जाते. त्या २,५५० लिटरमागचे आजारी जीव कोणी नावाने ओळखत नाही. म्हणून येथे त्यांना नमस्कार करून पुढे जातो.

तिसरा धागा चुलीचा. पेशीच्या चुलीत जळण कसे जळते, हे शोधण्यात विसाव्या शतकाचा पूर्वार्ध गेला. बर्लिनच्या ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात पाहिले की, कर्करोगाची गाठ जवळ प्राणवायू असतानाही साखर पुरी न जाळता आंबवते. पाश्चर यांनी १८६१ साली यीस्टमध्ये पाहिले होते की हवा मिळाली की आंबवणे मंदावते. येथे नेमके उलटे होते. वारबुर्ग यांना पेशीच्या श्वसनविकराच्या शोधाबद्दल १९३१ चे नोबेल मिळाले, परंतु गाठीचे कोडे सुटले नाही. हंगेरीत सेंट-ज्यॉर्जी कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करीत होते. सक्सिनेट आणि फ्युमरेट ही साधी आम्ले जळण पुढे ढकलतात, हे त्यांनी दाखवले. याच माणसाने 'क' जीवनसत्त्व वेगळे केले. त्यांच्या गावी, सेगेदला, पिकणाऱ्या तांबड्या मिरच्यांतून ते पुष्कळ मिळाले. १९३७ चे नोबेल त्यांना या दोन्ही कामांसाठी एकत्र मिळाले. त्या वेळी या दोन कामांचा परस्परसंबंध फारसा कोणाला दिसला नसेल. तो दिसायला चौसष्ट वर्षे लागली.

हान्स क्रेब्स हे वारबुर्ग यांच्या हाताखाली तयार झालेले. ज्यू म्हणून १९३३ साली त्यांना जर्मनीत नोकरीवरून काढले. ते इंग्लंडला आले, आणि शेफील्ड येथे १९३७ साली, पुन्हा कबुतराच्या स्नायूवरच, त्यांनी चुलीचे सारे चक्र जुळवले : सायट्रेट, अल्फा-कीटोग्लुटरेट, सक्सिनेट, फ्युमरेट आणि पुन्हा आरंभाकडे. 'नेचर' या पत्राकडे त्यांनी टिपण धाडले, ते जागा नाही म्हणून परत आले. त्याच कामावर १९५३ साली नोबेल मिळाले.

आता १९५३ हे साल पाहा. त्याच साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रेणूची जोडगोफाची रचना सांगितली. तेव्हापासून जीवशास्त्रात एक नवी उतरंड तयार झाली. केंद्रकातले जनुक म्हणजे साहेब. तो वहीत हुकूम लिहिणार. चूल म्हणजे भटारखाना. तिने मुकाट्याने रांधावे. १९६१ साली पॅरिसच्या झाकोब आणि मोनो यांनी दाखवले होते की, आतड्यातल्या जंतूला दुधातली साखर मिळाली की ती पचवण्याची जनुके उघडतात; म्हणजे वाढलेल्या ताटाप्रमाणे हुकूम बदलतो. तरीही आपल्यासारख्या मोठ्या प्राण्यांत चुलीचा शब्द वहीपर्यंत कसा पोचतो, हे अंधारातच होते. त्या अंधारात दिवा लागला तो प्राणवायूच्या प्रश्नानेच.

१९८५ साली एरिथ्रोपोएटिनचे जनुक हाती आले, आणि दोन देशांत दोन माणसे एकाच वाटेने निघाली : अमेरिकेत ग्रेग सेमेन्झा, इंग्लंडमध्ये पीटर रॅटक्लिफ. प्राणवायू कमी झाल्यावर हे जनुक उघडते ते कोणाच्या हाताने? आरंभी एक चूक झाली. १९८८ साली बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पाहिले की, कोबाल्ट धातू दिल्यावर प्राणवायू भरपूर असूनही पेशी तुटीसारखी वागते. कोबाल्टने रक्त वाढते हे १९२९ पासून ठाऊकच होते. त्यावरून त्यांनी तर्क केला की, प्राणवायू ओळखणारा रेणू रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखा, हीमचे लोह असलेला असावा. लोहाचा तर्क बरोबर होता, हीमचा चुकला. अर्धी बरोबर असलेली चूकही पुढच्याला वाट दाखवते.

सेमेन्झा आणि वांग यांनी १९९२ साली केंद्रकात जाऊन जनुक उघडणारे प्रथिन ओळखले आणि १९९५ साली शुद्ध केले. त्याला एचआयएफ म्हणतात. रॅटक्लिफ यांच्या गटाने १९९३ साली एक चकित करणारी गोष्ट दाखवली. ही जाण मूत्रपिंडापुरती नव्हती; शरीरातल्या जवळजवळ सर्व प्रकारच्या पेशींत ती होती, मग ती पेशी एरिथ्रोपोएटिन बनवो वा न बनवो. प्रत्येक चुलीपाशी एकेक पहारेकरी बसलेला होता.

तिसरा माणूस वेगळ्याच दाराने आला. विल्यम केलिन हे बोस्टनचे कर्करोगतज्ज्ञ. फॉन हिप्पेल-लिंडाऊ नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्या कुटुंबांत मूत्रपिंडात आणि मेंदूत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठी होतात. १९९३ साली त्याचे जनुक सापडले, आणि १९९६ साली केलिन यांनी दाखवले की, ते बिघडलेल्या पेशी भर हवेत असूनही तुटीत असल्यासारख्या वागतात. १९९९ साली रॅटक्लिफ यांच्या गटाने सांगितले की, या जनुकाचे प्रथिन एचआयएफला पकडून त्याचा नाश घडवून आणते. मग पकडण्याची खूण कोणती? एप्रिल २००१ मध्ये दोन्ही गटांचे निबंध एकदमच प्रसिद्ध झाले. एचआयएफमधल्या प्रोलिन या घटकावर प्राणवायूचा एक अणू बसवला जातो, तीच खूण.

आमच्या भाषेत सांगायचे तर असे की, पेशी हरताळाची नोटीस सतत लिहीत असते आणि सतत फाडीत असते. लिहिलेली नोटीस पाचेक मिनिटांत फाडली जाते. फाडणाऱ्या विकराला त्यासाठी प्राणवायू लागतो. प्राणवायू संपला की लिहिणे चालू राहते, फाडणे थांबते. नोटीस केंद्रकात पोचते आणि शेकडो जनुके आपले काम बदलतात. रक्त वाढवा, नव्या रक्तवाहिन्या काढा, साखर जाळू नका, आंबवा. नव्वद-शंभर वर्षांमागे वारबुर्ग यांना गाठीत जे दिसले, त्यामागे पुष्कळ ठिकाणी हीच अडकलेली नोटीस होती.

आता या फाडणाऱ्या विकराला काय काय लागते ते पाहा. प्राणवायू लागतो. लोह लागते, म्हणून लोहाच्या आड येणारा कोबाल्ट त्याला फसवतो. 'क' जीवनसत्त्व लागते; अशाच जातीचे एक विकर हाडामासाचे कोलॅजन विणते, आणि लिंबू न मिळालेल्या खलाशांच्या हिरड्या गळत त्या या विकराच्या उपासमारीने. आणि क्रेब्स यांच्या चक्रातले अल्फा-कीटोग्लुटरेट लागते. काम झाले की त्याचेच सक्सिनेट होते. म्हणजे सेंट-ज्यॉर्जी यांचे जीवनसत्त्व आणि त्यांचे सक्सिनेट, १९३७ च्या त्या एकाच पारितोषिकातल्या दोन वस्तू, २००१ साली एका विकरापाशी भेटल्या.

जे विकर चक्रातले द्रव्य खाते आणि चक्रातलेच द्रव्य टाकते, ते चक्राच्या तब्येतीपासून अलिप्त कसे राहील? याचा पुरावा आधीच आलेला होता. मानेतला तो प्राणवायू चाखणारा पिंड आठवा. उंच पहाडांत राहणाऱ्यांत तो मोठा होतो, हे १९६९ साली पेरूच्या आरियास-स्टेला यांनी नोंदवले. काही कुटुंबांत मात्र सपाटीवर राहूनही त्या पिंडाच्या गाठी होतात. २००० साली त्यांचे कारण सापडले : क्रेब्स चक्रात सक्सिनेट पुढे ढकलणाऱ्या विकराचे जनुक त्यांच्यात बिघडलेले होते. २००५ साली दुवा जुळला. चुलीत सक्सिनेट तुंबते, बाहेर झिरपते आणि फाडणाऱ्या विकराचे हात बांधते. हवा भरपूर असूनही नोटीस केंद्रकात जाते. फ्युमरेट तुंबले तरी तेच होते. तुंबलेल्या गटाराचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हे समजायला पदवी लागत नाही.

एवढ्यावर हे थांबले नाही. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. धाग्यावर आणि रिळांवर बारीक रासायनिक खुणा असतात. त्यांवरून वहीचे कोणते पान उघडे आणि कोणते बंद ते ठरते. ॲसिटिल नावाची खूण जनुक उघडण्याशी संबंधित असावी, असे ऑलफ्री यांनी १९६४ साली म्हटले होते. ही खूण चुलीतून निघालेल्या सायट्रेटपासून बनते, म्हणजे खाल्लेल्या साखरेचा पुरवठा खुणांत उमटतो, हे २००९ साली कॅथरिन वेलेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. मिथिल नावाच्या खुणा पुसणारी विकरे २००६ आणि २००९ साली उमगली, तेव्हा त्यांतली पुष्कळशी त्याच जुन्या घराण्यातली निघाली : तीच लोहाची गरज, तोच प्राणवायू, तेच अल्फा-कीटोग्लुटरेट. मेंदूच्या आणि रक्ताच्या काही कर्करोगांत चुलीतले एक विकर बिघडते आणि अल्फा-कीटोग्लुटरेटसारखे दिसणारे एक तोतया द्रव्य बनवते, हे २००९ साली कळले. तोतया खुणा पुसू देत नाही. पेशी प्रौढ होत नाही, वाढतच राहते. तो तोतया थांबवणारी औषधे रक्ताच्या कर्करोगासाठी २०१७ आणि २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाली. २०१९ साली दोन गटांनी दाखवले की, हिस्टोनवरच्या खुणा पुसणारी काही विकरे स्वतःच प्राणवायूची तूट ओळखतात. त्यांना नोटिशीची वाट पाहावी लागत नाही. त्याच साली सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना नोबेल मिळाले. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचा रक्तक्षय नोटीस फाडणाऱ्या विकराला आवर घालून सुधारता येतो. अशी एक गोळी भारतात २०२२ साली मंजूर झाली.

माझ्या धंद्याच्या माणसाला येथे एक मोह होतो. साहेब वही लिहितो आणि भटारखाना ऐकतो, ही उतरंड खोटी ठरली; कामकरी चूलही वही लिहिते; तेव्हा निसर्गच आमच्या बाजूचा आहे, असे टाळ्या घेणारे वाक्य मला सहज बोलता येईल. मी ते बोलणार नाही. पेशी ही गिरणी नव्हे, आणि आमच्या मागण्या न्याय्य आहेत त्या माणसाच्या न्यायाने, विकरांच्या साक्षीने नव्हे. निसर्गाचा दाखला देऊन आजवर दुबळ्यांना चिरडणाऱ्यांनीच अधिक भाषणे केली आहेत. उपमा ही काठी आहे. चढ चढताना टेकावी, घरात आल्यावर कोपऱ्यात ठेवावी.

परंतु या इतिहासातून एक गोष्ट उपमेवाचून हाती येते, आणि तिच्यासाठी मी आज येथे उभा आहे. प्राणवायूची तूट शरीराला तीन ठिकाणी कळते. एक, कार्बन डायऑक्साइडची तगमग. ती खरे पाहता प्राणवायूची जाणच नव्हे. दोन, मानेतला पिंड. तो काही क्षणांत हाक देतो, पण ऐकणारा शुद्धीवर असला तर. तीन, प्रत्येक पेशीतली ती नोटीस. ती अचूक असते, परंतु तिचा अंमल व्हायला तास लागतात आणि रक्त वाढायला दिवस. ही व्यवस्था पहाड चढणाऱ्यासाठी आहे. चेंबरमधल्या माणसाजवळ मिनिटेच असतात. त्यातही गटारात हायड्रोजन सल्फाइड असला, तर तो पेशीची चूलच विझवतो आणि प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीही मारतो. वास येईनासा झाला म्हणजे हवा सुधारली, असे खाली उतरलेल्याला वाटते.

म्हणून त्या चौकशीतल्या युक्तिवादाला मी आज उत्तर देऊ शकतो. "गुदमरतंय का?" हा प्रश्न ज्याला विचारला त्याला त्याचे उत्तर ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्याचा "नाही" खोटा नव्हता. पण तो पुरावाही नव्हता. १८७५ सालापासून हे छापील आहे. १८९६ सालापासून खाणीच्या मालकांना ते ठाऊक असायला हवे होते. आपल्याकडे २०१३ साली कायदा झाला आणि संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंबद्दल १० लाख रुपये द्यावेत असे सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली याचे समाधान मानावे, पण रक्कम मेल्यावर मिळते. प्राणवायू मोजणारे यंत्र मुठीत मावते. ते आधी दोरीला बांधून खाली सोडावे, आकडा पाहावा. आणि खरे तर माणसाने उतरूच नये, यंत्राने उतरावे.

तो कामगार माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान होता. त्याच्या मुलीने परवा मला विचारले, "काका, बाबांना त्रास झाला असेल का हो?" तिसांदिएने जे लिहून ठेवले आहे ते मला ठाऊक होते, म्हणून मी तिला खरे सांगू शकलो, "नाही बेटा, बहुतेक नसेल झाला." तिला तेवढा दिलासा मिळाला. आपल्याला मात्र त्या उत्तराने स्वस्थ झोप लागू नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.